एका टोपल्याच्या दोघी

शालूबाईंना एकटीनं काही ठरवता येत नसे. वडनेर भोलजीच्या बाजारात त्या वांगी निवडायच्या, पिशवीचं तोंड उघडायच्या आणि मान वळवून विचारायच्या, "घेऊ का वं?" मागं अमीनाबी असायच्याच. कधी त्या मिरच्यांच्या ढिगापाशी रेंगाळल्या असल्या तर शालूबाई भाजीवाल्यालाच विचारायच्या. तो 'घ्या की मावशी' म्हणाला की त्यांना त्याचाच संशय यायचा, आणि वांगी परत ढिगात जायची. त्यांचे यजमान भगवानराव चारचौघांत सांगायचे, की आपलं लग्न एकीशी लागलं, पण विचारावं दोघींना लागतं.

ही सवय जिनातली.

गावाबाहेर, नांदुऱ्याच्या दिशेनं, कडुलिंबाच्या रांगेमागं जुनं जीन आहे. जीन म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. इंग्रजांच्या काळात उभा राहिलेला. विटांचं उंच धुराडं, उतरत्या पत्र्यांची लांबच लांब शेड, हातभराहून जाड भिंतींचं सरकीचं गोदाम आणि मधोमध दगडी हौद. कापसाला आगीचं भय, म्हणून हौद बारा महिने भरलेला ठेवायचा हा मालकांचा दंडक होता. उन्हाळ्यात गावातल्या विहिरींचा तळ उघडा पडला तरी जिनाच्या हौदात आभाळ दिसायचं.

गाड्यांतून आलेला कापूस तसाच यंत्रात घालता येत नाही. त्यात वाळलेली पत्ती असते, काड्या असतात, कवडी म्हणजे किडक्या बोंडातला पिवळा कापूस असतो. ती वेचून काढायला बायका बसायच्या. दोघींत एक टोपलं. टोपलं इतकं रुंद की एकीच्या कवेत मावत नसे. भरलं की एकीनं खाली बसायचं, दुसरीनं हात लावून ते तिच्या डोक्यावर चढवायचं, तेव्हा कुठं ते यंत्रापर्यंत जायचं. एकटी बाई कामाला आली तर मुकादम शेषराव तिला माघारी पाठवायचे, जोडी घेऊन ये म्हणायचे. आणि दोघींच्या टोपल्याला नाव एकीचंच. शेडच्या दुसऱ्या टोकाहून हाक यायची, शालूचं टोपलं उचला. त्यात अमीनाबी आल्याच.

नाव शालूबाईंचं पडलं त्याला कारण होतं. दोघी एकाच हंगामात कामाला लागल्या. शालूबाई दोन वर्षांच्या जुन्या सासुरवाशीण, अमीनाबी अगदी नव्या. परक्या माणसानं सुनेचं नाव शेडभर पुकारावं हे अमीनाबींच्या सासूला पसंत नव्हतं. पुढं सासू गेली, सून स्वतः सासू व्हायच्या वयाला आली, तरी टोपलं शालूबाईंचंच राहिलं. अमीनाबींनाही त्यात काही खटकलं नाही. नाव तुझं, शिव्याही तुलाच, एवढंच त्या म्हणायच्या.

बोलण्याचं काम शालूबाईंकडं होतं. हात चालू आणि तोंडही चालू. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या सुनेनं ताटली आपटली, सगळं त्या टोपल्यावर सांगायच्या. अमीनाबी ऐकायच्या आणि दिवसातून एखादंच वाक्य टाकायच्या. ते मग संध्याकाळपर्यंत शेडभर फिरायचं. एकदा कापूस ओला आहे म्हणून शेषराव एका जोडीवर फार वेळ तोंडसुख घेत उभे होते. अमीनाबी मान वर न करता म्हणाल्या, "मुकादम, तुमी बोलून राह्यले तवापासून तो आणखीच ओला झाला." शेषरावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. त्या दिवसापासून ते बायकांशी जरा अंतर ठेवून बोलू लागले.

भगवानरावांकडं थोडी कोरडवाहू जमीन होती. पहिल्या वेचणीच्या सकाळी तिथं सीतादही व्हायची. शेताच्या कोपऱ्यात सात खडे मांडायचे, त्यांना दहीभात दाखवायचा, आणि नव्या कापसाचा धागा ओढून तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर बांधायचा. मग वेचणीला हात लावायचा. दही अमीनाबींच्या घरचं असायचं, कारण म्हैस त्यांच्याकडं होती. त्या दही घेऊन यायच्या, धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या राहायच्या आणि धागा तुटू नये म्हणून शालूबाईंच्या हाताकडं अशा बघायच्या की शालूबाई गाठ दोनदा मारायच्या.

मग बीटीचं बियाणं आलं.

पहिली दोन-तीन वर्षं गावाला नवलाईची गेली. बोंडं टंच, झाड एकदम पांढरं, आणि सगळीकडचा कापूस एकाच वेळी फुटलेला. वेचायला माणूस मिळेना. जिनाच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लिंबांच्या पलीकडं जायची. शालूबाई आणि अमीनाबींना वाटलं, आता मरेपर्यंत काम सरत नाही. पण बियाण्याच्या पाकिटामागं खत आलं, खतामागं फवारे आले, आणि एका वर्षी पाऊस ओढ देऊन बसला तेव्हा उभी पराटी, कापसाचं झाडन् झाड, लाल पडत गेली. बाजारात भाव विचारून लोक गाडी न सोडता परत फिरू लागले. पुढच्या मृगात अर्ध्या गावानं सोयाबीन पेरलं. भगवानरावांनी जमीन भावाला कसायला दिली आणि स्वतः एका कृषी केंद्रात पोती मोजायला उभे राहिले. त्या वर्षांत गावात फार कमी घरांतून मोठ्यानं हसणं ऐकू यायचं.

उरलेला कापूस हमरस्त्यावरच्या नव्या कारखान्यांनी ओढला. तिथं पत्ती, काडी, कवडी सगळं यंत्रच बाजूला करतं. जुन्या जिनाचं धुराडं एका दिवाळीनंतर पेटलंच नाही. धुराड्यात पोपटांनी घरं केली, हौदावर शेवाळ धरलं, आणि शेडमध्ये कुठल्याशा हंगामाची रुई कोपऱ्याकोपऱ्यानं फिरत राहिली. अमीनाबींचे यजमान आधीच वारले होते. ते जिनात यंत्रावर होते, म्हणून त्यांना मागच्या भिंतीलगतच्या कामगारांच्या चाळीत एक खोली मिळाली होती. जीन बंद पडलं तरी त्या खोलीतून अमीनाबींना कुणी उठवलं नाही. त्यांचा मुलगा जाकीर अकोल्यात गाद्या भरायचं दुकान चालवायचा. दर ईदेला यायचा आणि दर ईदेला आईला चल म्हणायचा. त्या दर ईदेला म्हणायच्या, पुढच्या ईदेला बघू.

शालूबाई गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. घरमालकानं भिंतीत खिळा मारू नये म्हणून बजावलं होतं, त्यामुळं लग्नाचा फोटो पेटीत होता. स्वतःचं घर ही त्यांची एकच हौस होती, आणि ती त्यांनी अमीनाबींशिवाय कुणाला सांगितली नव्हती.

अशात बातमी आली की जिनाच्या जागेवर वसाहत होणार. मालकांची पुढची पिढी दूरच्या शहरांत स्थिरावली होती. त्यांनी जागा एका गृहनिर्माण संस्थेला दिली, पण दोन अटी घातल्या. शेड, गोदाम, धुराडं आणि हौद पाडायचे नाहीत, आणि ज्यांनी तिथं घाम गाळला त्या कामगारांना वसाहतीत घर द्यायचं. आराखड्याचं काम बुलढाण्याच्या निशिगंधा नावाच्या वास्तुरचनाकार मुलीनं घेतलं. वय तिशीच्या आतलं, पायात बूट, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. पहिले कित्येक दिवस तिनं कागदावर काही काढलंच नाही. ती नुसती हिंडायची. कोणत्या भिंतीची सावली कधी कुठं पडते, पावसाचं पाणी कुठून वाहतं, वारा कुठल्या दारानं येतो. गावाला वाटलं, हिला काम येत नसावं.

पण तिनं जे ठरवलं ते आज तिथं उभं आहे. शेड तशीच आहे. तिच्यात मुलांची अभ्यासिका, शिवणाचा वर्ग आणि लग्नाकार्याची जागा आहे. पडक्या कुंपणाच्या विटा घरांना लागल्या. छपरांवरचं पाणी पन्हाळीतून हौदात जातं आणि हौदातून ओसंडलेलं नव्या तळ्यात जिरून विहिरींना पाझरतं. आंघोळीचं पाणी झाडांना. मोटारी फाटकापाशीच थांबतात, आत पायी यायचं. शिक्षक, पोस्टमन, बँकेतले कारकून, कृषी सहायक अशांची घरं तळ्याच्या अंगानं आणि कामगारांची लिंबांच्या अंगानं, पण पाण्याचा नळ आणि गल्लीतला दिवा सगळ्यांना सारखा. एकूण घरं किती हे तिनं जागेवरून नाही, पाण्यावरून ठरवलं होतं. हौद आणि दोन विहिरी जेवढ्यांना पुरतील तेवढीच. त्याहून एकही जास्त नाही.

घोळ झाला तो या मोजणीत.

निशिगंधाचा सहकारी हर्षल कामगारांची नावं गोळा करायला आला. सोबतीला शेषराव होतेच. आता त्यांची पाठ वाकली होती, पण जिनात कोण कुठं बसायचं हे त्यांना मनगटावरच्या शिरांसारखं ठाऊक होतं. पुरुषांची नावं झाली. मग हर्षलनं विचारलं, बायका किती होत्या? शेषराव डोळे मिटून सांगत गेले. शालूचं टोपलं, राधीचं टोपलं, सबीहाचं टोपलं. भोवती त्याच बायका उभ्या होत्या. आपापलं टोपलं आलं की दोघी दोघी माना डोलवत होत्या. कुणाचंही काही चुकलेलं नव्हतं. टोपलं म्हटलं की दोघी, हे त्या शेडमध्ये पोराटोरांनाही माहीत होतं. हर्षल मूळचा लोणारकडचा. त्याला वाटलं, टोपलं म्हणजे इकडं घराण्याला म्हणत असतील.

दिवाळी झाल्यावर शेडमध्ये पुठ्ठ्याची प्रतिकृती मांडली गेली. इवलंसं धुराडं, आरशाच्या तुकड्याचा हौद, वाळक्या गवताचे लिंब. गाव लोटलं. निशिगंधा एकेकाला त्याचं घर दाखवत होती. शालूबाईंचं घर लिंबाच्या कोपऱ्यावर होतं. त्यांनी वाकून पाहिलं, बोट लावून पाहिलं, दार कुठल्या तोंडाला आहे ते विचारलं. खिडकी आहे का तेही विचारलं. मग शेजारच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "अन् हे अमीनाचं ना?"

ते दुसऱ्या कुणाचं होतं. त्याच्या शेजारचंही. निशिगंधानं हर्षलकडं पाहिलं, हर्षलनं शेषरावांकडं, आणि शेषराव हळूहळू खाली बसले. शेडभर बायकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. ज्या टोपल्याला जिचं नाव, घर तिला. दुसरी कुठंच नव्हती. हयात असलेले पुरुष मात्र एकेकटे मोजले गेले होते, त्यामुळं त्यातला एकही सुटला नव्हता.

अमीनाबींनी प्रतिकृतीकडं एकदा पाहिलं. त्यांची चाळ त्यात नव्हती. तिथं पावसाचं पाणी जिरवायचं तळं होणार होतं. त्या म्हणाल्या, आरसा छान बसवला हाये, आणि घरी गेल्या.

निशिगंधा त्या आठवड्यात फार धावली. घरं वाढवायची तर दोनच वाटा होत्या. एक तर लिंबांची रांग तोडायची, नाहीतर तळ्याची जागा घ्यायची. तळं झालं नाही तर विहिरी आटणार, आणि लिंबांचं नाव काढताच बायकाच उठल्या. त्या सावलीत त्यांनी भाकरी खाल्ल्या होत्या, पोरांना झोळीत टांगलं होतं. शिवाय परवानगीही मोजक्याच इमारतींची मिळालेली. निशिगंधा प्रत्येक जोडीला भेटून माफी मागत होती, आणि बायका तिला चहा पाजून परत पाठवत होत्या. चूक तिची आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यामुळं तिला आणखी वाईट वाटायचं.

इकडं शालूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला न विचारता एक गोष्ट ठरवली. त्या चाळीत गेल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "घर तू घे. मले दोन खोल्या हायेत."

"भाड्याच्या," अमीनाबी म्हणाल्या.

"भाड्याच्या असल्या म्हणून का त्या गळतात? तुले त तेही नाही."

"मले जाकीर हाये. तुह्या नावाचं घर मी कायले घेऊ? उद्या लोक म्हणतीन, शालूनं दान केलं."

"मंग माह्या घरात राह्य. एका खोलीत तू, एकीत आमी."

"अन् रोज सकाळी उठल्याबरोबर तुह्या नवऱ्याचं तोंड पाहू?"

"मी त जन्मभर पाहून राह्यली. झालं का मले काही?"

अमीनाबींनी शालूबाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्या म्हणाल्या, झालंय की. एरवी यावर दोघी हसल्या असत्या. त्या दिवशी शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते अमीनाबींना दिसलं, आणि दिसलं म्हणूनच त्यांनी पाठ फिरवून तांदूळ निवडायला घेतले. जाकीरला निरोप गेलाय, येत्या शुक्रवारी तो टेम्पो घेऊन येतोय, हे त्यांनी भिंतीकडं तोंड करून सांगितलं.

तेव्हापासून दोघी बोलेनात. गावाला हे इतकं नवं होतं की लोकांनी आधी विश्वासच ठेवला नाही. बाजारात शालूबाई एकट्या दिसल्या. त्यांनी मान न वळवता वांगी घेतली. घरी चिरली तर निम्मी किडकी निघाली. भगवानरावांनी चांगल्या फोडी वेगळ्या केल्या. जेवताना ते म्हणाले, वांग्यांचं ठीक आहे, पण आता नव्या घरात पडदे कोणत्या रंगाचे लावायचे ते कोण सांगणार? शालूबाई म्हणाल्या, पडदे लावणारच नाही.

बुधवारी निशिगंधा शेषरावांकडं गेली. तिनं त्यांना विचारलं, की टोपलं म्हणजे नेमकं काय, हे मला एकदा समजावून सांगा. शेषराव म्हणाले, "बाई, सांगून नाही समजत. बसवून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाकारा केला. भगवानरावांनी भावाच्या शेतातून नुकताच वेचलेला कापूस गाठोड्यानं आणला. टोपली शेडच्या माळ्यावर धूळ खात पडली होती, ती काढून झटकली. बायका आल्या. कुणी नातवंडं घेऊन, कुणी काठी टेकत, आणि बारदानावर आपापल्या जुन्या जागी बसल्या. त्या जागा त्यांना कुणी दाखवाव्या लागल्या नाहीत. शालूबाई आपल्या टोपल्यापाशी बसल्या. समोरची जागा बराच वेळ रिकामी होती. अमीनाबी सर्वांत शेवटी आल्या. आल्या त्या शेषरावांशी बोलल्या, निशिगंधाशी बोलल्या, खाली बसल्या आणि आपल्या बाजूच्या ढिगाकडं वळल्या.

मधे टोपलं. दोघींची तोंडं टोपल्याकडं, पण गुडघे आपापल्या ढिगाकडं. उजव्या हातानं उचलायचं, डाव्यानं पत्ती झटकायची, आणि स्वच्छ बोंडू मधे टाकायचं. दोघींचे हात एकाच वेळी टोपल्यावर यायचे पण एकमेकांना लागायचे नाहीत. शेडभर नुसता कापूस फुटल्यासारखा मऊ आवाज. पत्र्याच्या फटीतून ऊन येत होतं आणि त्यात रुईचे कण तरंगत होते.

टोपलं निम्मं झालं असेल. शालूबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पत्ती राह्यली वं."

अमीनाबींनी बोंडू उजेडात धरून पाहिलं. "पत्ती नाही. तुह्या डोळ्यातला मोतीबिंदू हाये."

आधी सबीहा हसली, मग तिची जोडीदारीण, मग अख्खी शेड. शालूबाई पदर तोंडावर घेऊन हसत होत्या आणि रडतही होत्या, त्यामुळं त्यांना ठसका लागला. अमीनाबींनी त्यांच्या पाठीवर धपाधप हात मारला. गरजेपेक्षा जरा जोरातच. त्यानंतर शालूबाईंनी तोंडात साठलेलं सगळं टोपल्यावर ओतलं. किडकी वांगी, पडदे, भगवानरावांचे टोमणे. अमीनाबी ऐकत होत्या. हात दोघींचे थांबले नव्हते.

निशिगंधा एका पोत्यावर बसून बघत होती. मग ती उठून त्यांच्याजवळ आली, उकिडवी बसली आणि म्हणाली, "मावशी, खाला, मधे हे टोपलं आहे ना, त्याच्या जागी अंगण असलं तर?"

दोघींना कळलं नाही. तिनं बारदानावरची रुई बाजूला सारली आणि धुळीत बोटानं काढून दाखवलं. मधे एक अंगण. त्यात एक नळ, एक धुण्याचा दगड, एक तुळस किंवा मेंदी, जे लावाल ते. या बाजूला एक खोली आणि स्वयंपाकघर, त्या बाजूला एक खोली आणि स्वयंपाकघर. बाहेरून भिंत एक, छप्पर एक, म्हणजे इमारत एकच. आत दारं दोन. कागदावर नावं दोन. पाणी अंगणातल्या एका नळाचं. दोन्ही घरची म्हातारी माणसं मिळून एका बँकवाल्याच्या कुटुंबाहून कमीच वापरतील. परवानगी इमारतींची आहे, दारांची नाही. पण तिनं हेही स्पष्ट सांगितलं की खोल्या लहान होतील, पाहुणे आले तर अंगणात झोपावं लागेल.

अमीनाबी धुळीतल्या घराकडं पाहत राहिल्या. "चूल वेगळी पाह्यजे," त्या म्हणाल्या. "हे वरणात गूळ टाकते."

"अन् हे सगळ्यात तिखट," शालूबाई म्हणाल्या. "भेंडीतसुद्धा."

सगळ्या जोड्यांना ते पटलं असं नाही. दोघी जावा-जावा त्याच शेडमध्ये कडाडून भांडल्या, की आम्ही एका टोपल्यावर बसलो तेवढं पुरे, एका अंगणात बसणार नाही. त्यांच्यातल्या एकीला पुढं गोदामाच्या वरची खोली मिळाली आणि ती तिथं सुखात आहे. सबीहाला अंगणाला छप्पर हवं होतं. राधीला शेजारीण बदलून हवी होती. ती काही मिळाली नाही. पण बाकीच्या बायका संध्याकाळपर्यंत धुळीत बोटानं खोल्या पाडत बसल्या होत्या. कुणाचं बोट कुणाच्या स्वयंपाकघरात गेलं की हातावर फटका बसत होता.

अमीनाबींनी मात्र हो म्हटलेलं नव्हतं. जाकीरला शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मागं घ्यायची त्यांना सवय नव्हती. शालूबाईंनीही विचारलं नाही. त्यांना एवढंच कळत होतं, की या वेळी आपण ओढलं तर ती मुद्दाम जाईल.

शुक्रवारी सकाळी हर्षलनं लिंबांपाशी चुन्याच्या रेषा आखायला घेतल्या. आपल्या हातून झालेल्या घोळाचं त्याला इतकं लागलं होतं की पहिलं जोडघर त्यानंच आखायचं ठरवलं. दोऱ्या ताणून, खुंट्या ठोकून त्यानं कोपऱ्यावरचं घर जमिनीवर उमटवलं. दोन बाजूंना खोल्या, मधे अंगण. बघायला पाच-पंचवीस माणसं जमली. शालूबाई आपल्या अर्ध्या भागात उभ्या होत्या, हात मागं बांधून, पाय रेषेला लागणार नाहीत अशा बेतानं. भगवानराव खोलीच्या आतून बाहेर आणि बाहेरून आत चालून दार पुरेसं रुंद आहे का बघत होते.

तेवढ्यात टेम्पो आला. तो चाळीतून सामान भरूनच आला होता. पेटी, गादी, भांड्यांचं पोतं, आणि पुढं जाकीरशेजारी अमीनाबी. हमरस्त्याला लागायची वाट लिंबांवरूनच जाते. चुन्यापाशी आल्यावर त्यांनी टेम्पो थांबवायला सांगितला. जाकीरला वाटलं, निरोप घ्यायचा असेल. त्यानं इंजिन चालूच ठेवलं.

अमीनाबी उतरल्या. रेषांभोवती एक फेरी मारली. आपल्या बाजूच्या स्वयंपाकघरात शिरून उभ्या राहिल्या आणि लिंबाकडं तोंड करून पाहिलं. मग म्हणाल्या, खिडकी इकडं पाहिजे. हर्षलनं तिथं चुना टाकला. त्यांनी शालूबाईंकडं न बघताच विचारलं, धुण्याचा दगड कोणत्या अंगाला? शालूबाई म्हणाल्या, तुह्या. तुह्यं धुणं जास्त असते. अमीनाबी म्हणाल्या, बरं.

एवढंच. पण शालूबाईंनी मागं बांधलेले हात सोडले.

जाकीर खाली उतरला होता. तो वाईट मुलगा नव्हता. अकोल्यात त्यानं आईसाठी खाली झोपायची खोली रिकामी करून ठेवली होती, नवी गादी स्वतः भरली होती. तो जवळ येऊन हलकेच म्हणाला, "अम्मी, लोग क्या बोलेंगे? बेटा रहते हुए यहाँ अकेली."

"अकेली कहाँ?" अमीनाबी म्हणाल्या. "लोगों को बोल, अम्मी का घर बन रहा है. ईद को तूच ये इकडं."

त्यानं शालूबाईंकडं पाहिलं, भगवानरावांकडं पाहिलं, मग मोकळ्या आभाळाखालच्या त्या पांढऱ्या रेषांकडं. इथं अजून वीटही लागलेली नव्हती. मग जाऊन त्यानं इंजिन बंद केलं. चाळ पाडायला अजून बरेच महिने होते. सामान उतरवून परत तिकडंच न्यावं लागणार होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं, आईलाही. तरी त्यानं विचारलं की पेटी कुठं ठेवू.

"खोलीत," अमीनाबी म्हणाल्या. "कोपऱ्यात लाव."

जाकीर आणि भगवानरावांनी मिळून पेटी उचलली. चुन्याची रेष ओलांडायला जाकीरनं पाय टाकला, तेवढ्यात आईनं त्याला थांबवलं.

"चप्पल काढ," त्या म्हणाल्या. "घरात येऊन राह्यला तू."

जाकीरच्या दोन्ही हातांत पेटी होती. मग त्यानं एका पायानं दुसऱ्या पायातली चप्पल ढकलून काढली, मग दुसरी, आणि अनवाणी आत आला. मागून भगवानरावांनीही जोडे उतरवले.